इंदूर ते महेश्वर, मागे कॅरव्हॅन लावून

इंदूरहून महेश्वर जेमतेम ९०-९५ किलोमीटर. नुसत्या कारने सकाळचे पोहे-जलेबी खाऊन निघालं तरी दुपारच्या जेवणाला घाटावर पोचता येतं. मागे कॅरव्हॅन, म्हणजे कारने ओढायचं चाकांवरचं छोटं घर, असेल तर पोहे डब्यात घ्या. जोडणी, दिवे, चाकं हे सगळं तपासण्यातच सकाळ जाते आणि ताशी ६० च्या वर आम्ही जात नाही.

आमची कॅरव्हॅन दोघांपुरती, एका एक्सलची (म्हणजे चाकांची एकच जोडी), भरल्यावर साधारण ८०० किलोची. अशी गाडी घ्यायचा विचार असेल तर पलंग, फ्रिज, पडदे नंतर बघा. आधी आपल्या कारचं मॅन्युअल काढून ती किती वजन ओढू शकते हे वाचा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात, आणि काही गाड्यांना कंपनी ओढायची परवानगीच देत नाही. तसं असेल तर विषय तिथेच संपला. दुसरं म्हणजे कागद. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरला आहे, त्यामुळे त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. टोलवर मात्र तयारी ठेवा. फास्टॅग कारचा आणि मागे तिसरा एक्सल, म्हणून खिडकीवर चर्चा होतेच. आमच्या मागचे ट्रकवाले तेवढ्यात हॉर्न वाजवून आपलं मत नोंदवतात.

खरी गोम वजन कुठे ठेवता यात आहे. जड सामान खाली आणि चाकांच्या आसपास, हलकं वरच्या कपाटात. कारच्या मागच्या हूकवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, कॅरव्हॅनच्या नाकाचा (पुढच्या जोडणीच्या टोकाचा) भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा, म्हणजे आमच्या बाबतीत ४० ते ५६ किलो. शिवाय कारच्या हूकची स्वतःची मर्यादा असते, तीही ओलांडायची नाही. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. नाकाखाली काट्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा, कॅरव्हॅन समतल करायची आणि आकडा वाचायचा. नाक हलकं राहिलं तर मागचा डबा रस्त्यावर डुलायला लागतो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, म्हणून टाकी रिकामी नेतो आणि पाणी मुक्कामी भरतो. सिलिंडर घरगुती मोठा नको, ५ किलोचा छोटा पुरे, आणि चालत्या गाडीत तो बंदच. चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणसानेही बसायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

महेश्वरला दोन वाटा. महूवरून जाम घाटाने महेश्वरजवळचं मंडलेश्वर गाठता येतं. अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा, पावसाळ्यात ढग, रस्ता फार देखणा आहे, पण चढउतार आणि वळणं बघता तिथे कार घेऊन जावं आणि कॅरव्हॅन घरी ठेवावी. आम्ही राऊ, मानपूर, धामनोद असा ए.बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता, धरला. मानपूरला चहाला थांबलो तर एका गृहस्थांनी विचारलं, "रक्तदान शिबिर कहाँ लगा है?" बायकोने त्यांना आत नेऊन शेगडी दाखवली तेव्हा पटलं.

मानपूरच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. ट्रकचे ब्रेक निकामी होण्यासाठी बदनाम झालेला गणपती घाट याच बाजूला. आता नव्या आखणीचा रस्ता आहे, पण उतार चुकत नाही. आमच्या कॅरव्हॅनचे ब्रेक, ती कारला मागून ढकलू लागली की आपोआप लागणारे आहेत. लांब उतारावर ते सतत घासत राहतात आणि तापतात. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या, वेग इंजिनाने धरा, ब्रेक थोडा दाबून सोडत राहा. खाली पोचल्यावर थांबून चाकाजवळ तळहाताची मागची बाजू धरून बघा, हात लावू नका. मोठी बस शेजारून गेली की डबा हलतो. हलला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक किंवा वेग वाढवणं, दोन्ही घातक. गतिरोधक मात्र रांगत ओलांडा, नाहीतर टो-बार, म्हणजे जोडणीचा दांडा, खाली घासतो.

महेश्वरच्या गल्ल्यांत कॅरव्हॅन घालायचा विचारही करू नका. गावाबाहेर एका हॉटेलच्या आवारात विचारून उभी केली, हिचला (जोडणीला) आणि चाकाला कुलूप लावलं आणि रिक्षाने अहिल्या घाटावर गेलो. वीज घेताना एक्स्टेन्शनची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते. शौचाची टाकी आणि भांड्यांचं पाणी हॉटेलच्या शौचालयात, नर्मदेकडे जाणाऱ्या नाल्यात नाही. मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलनंतरच्या निमाडात पत्र्याच्या डब्यात झोप लागत नाही.

आणि उरलेलं वर्ष ती उभी कुठे करणार? इंदुरातल्या विजयनगरच्या फ्लॅटवाल्यांनी हा प्रश्न आधी सोडवावा, कारण सोसायटीच्या एका पार्किंगमध्ये ती मावत नाही. आमची महूकडे आतेभावाच्या शेतावर पत्र्याच्या शेडमध्ये असते. ताडपत्रीपेक्षा शेड शंभर पटींनी बरी. ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग घासते आणि आत ओल कोंडते. ठेवताना चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडायचा, नाहीतर चार महिन्यांच्या पावसाळ्यात ब्रेक चिकटून बसतात. सिलिंडर बाहेर काढायचा, टाकी आणि नळ कोरडे करायचे, फ्रिजचं दार अर्धवट उघडं, गाद्या उभ्या. हवेची छिद्रं बुजवू नका, पण त्यांना बारीक जाळी बसवा, शेतातले उंदीर वायरीवर ताव मारतात. बॅटरी आम्ही घरी आणतो आणि महिन्यातून एकदा चार्ज करतो. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यावर छापलेलं वर्ष बघा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वयाने तडकतात. सहा-सात वर्षं झाली की बदलून टाका.