व्हिडिओ आणि स्लाइड: घड्याळ एकच ठेवा

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कितीतरी जण ऑफिसचा सक्तीचा कोर्स मोबाइलवर उरकत असतात. मध्येच रेंज जाते, व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो आणि शेजारची स्लाइड मात्र बिनधास्त पुढे सरकते. कोर्स बनवणाऱ्याने स्लाइड बदलायला सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने काम करणारा जावास्क्रिप्टचा टायमर) वापरला की हे होणारच, कारण व्हिडिओ अडकल्याचं टायमरला कळत नाही. स्लाइड कुठली दाखवायची हे व्हिडिओच्या करंटटाइमवरूनच, म्हणजे तो आत्ता कितव्या सेकंदावर आहे त्यावरूनच, ठरलं पाहिजे.

प्रत्येक स्लाइडचा सुरुवातीचा सेकंद एका यादीत ठेवा: ०, १८.५, ४२, ७१. व्हिडिओ चालू असताना ब्राउझर वेळ बदलल्याची सूचना देत राहतो, तिला टाइमअपडेट इव्हेंट म्हणतात. तो आला की यादी शेवटाकडून तपासा आणि चालू वेळेपेक्षा लहान किंवा तिच्याइतका असलेला पहिला आकडा पकडा. ‘वेळ बरोबर ४२ झाली का’ असं कधीच तपासू नका. हा इव्हेंट साधारण पाव सेकंदाने येतो, ४१.९ नंतर थेट ४२.१५ दिसेल आणि स्लाइड हुकेल. शेवटाकडून शोधलं की कोणी व्हिडिओ मागे ओढला तरी योग्य स्लाइड आपोआप येते. यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर त्याच्या एपीआयमध्ये (कोडमधून प्लेअर चालवायच्या सोयीत) असा इव्हेंटच नाही. दर २५० मिलिसेकंदांनी गेटकरंटटाइम या फंक्शनला चालू वेळ विचारत राहावं लागतं.

खरी गडबड ‘पुढे’ बटणापाशी होते. बटण दाबल्यावर स्लाइड बदलते, व्हिडिओला ४२ वर जायला सांगितलं जातं, तेवढ्यात जुन्या वेळेचा हिशेब लागतो आणि स्लाइड उडी मारून मागे येते. म्हणून बटण दाबताच कोडमध्ये एक खूण (फ्लॅग) वर करा, सीक्ड इव्हेंट (उडी पूर्ण झाल्याची सूचना) येईपर्यंत टाइमअपडेटकडे दुर्लक्ष करा, मग खूण खाली. स्लाइड मात्र लगेच बदला, नाहीतर मंद नेटवर माणूस तेच बटण चारदा दाबतो. उडी ४२ ऐवजी ४२.०५ वर मारा. काही ब्राउझर किंचित अलीकडे थांबतात आणि आधीची स्लाइड चमकून जाते.

प्रत्येक स्लाइडला वेगळा व्हिडिओ असेल तर स्लाइड सोडताना आधीचा पॉज करा. नुसता लपवलेला व्हिडिओ वाजतच राहतो. कोडमधून प्ले मागितल्यावर मिळणारा प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची हमी) ब्राउझर नाकारू शकतो, म्हणजे व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, तेव्हा तिथे मोठं प्ले बटण दाखवा. व्हिडिओ पानातच चालावा म्हणून आयफोनसाठी व्हिडिओ टॅगमध्ये प्लेजइनलाइन लिहा, व्हिडिओ आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) असेल तर तिच्या अलाउमध्ये ऑटोप्ले.

उडी मारली की व्हिडिओ शून्यावर जातो? कोड उसवण्याआधी सर्व्हर तपासा. बाइट रेंजच्या, म्हणजे फाइलचा फक्त मधला तुकडा द्या अशा, मागणीला त्याने २०६ (‘तुकडा देतोय’) हा कोड उत्तरात दिला पाहिजे. पायथनच्या साध्या सर्व्हरला ही मागणी कळतच नाही, म्हणून त्यावर चाचणी घेणारे इथे हमखास फसतात. फाइल एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या साधनातून काढताना फास्टस्टार्ट हा पर्याय द्या आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला जी (दोन कीफ्रेममधलं जास्तीत जास्त अंतर) ५० ठेवा, म्हणजे किमान दर दोन सेकंदांनी कीफ्रेम (स्वतःपुरती पूर्ण असलेली फ्रेम) येते आणि उडी झटकन बसते. स्लाइडच्या वेळा अंतिम फाइलवरूनच घ्या. ऐनवेळी कोणी पाच सेकंदांचा लोगो व्हिडिओच्या सुरुवातीला जोडला की अख्खी यादी चुकते.

माणूस कुठे थांबला हेही लक्षात ठेवावं लागतं. ऑनलाइन कोर्सच्या स्कॉर्म १.२ या मानकात त्यासाठी लेसन लोकेशन नावाची जागा आहे आणि तिला २५५ अक्षरं मिळतात; स्लाइडचा क्रमांक आणि सेकंद त्यात आरामात बसतात. हे पॉज झाल्यावर, स्लाइड बदलल्यावर आणि पान लपताना जतन करा, प्रत्येक टाइमअपडेटला नको, एलएमएस (कोर्स चालवणारी आणि नोंद ठेवणारी यंत्रणा) धापा टाकेल. परत उघडताना लोडेडमेटाडेटा इव्हेंट (व्हिडिओची लांबी वगैरे माहिती मिळाल्याची सूचना) आल्यानंतरच वेळ लावा.