पंधरा मीटर लांबून

शनिवारी सकाळी एका बाईंनी मला माझ्याच लेकराच्या मैदानापासून मागं सरकवलं. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. हातातली नारिंगी दोरी गवतावर सोडत त्या म्हणाल्या, "पालकांनी या दोरीच्या मागं थांबायचं." मी थांबलो. आज मंगळवार उजाडला तरी ती दोरी डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही श्टुटगार्टच्या शेजारी, नेकार नदीच्या काठी एस्लिंगेनला राहतो. पोरगा आठ वर्षांचा आहे, इथल्या क्लबात फुटबॉल खेळतो. वर्षभर नुसता सराव झाला, सामने यंदापासून. सामना म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं दोन संघ येतात, गळ्यात शिट्टी अडकवलेले सर येतात आणि गुण लिहिलेला फळा येतो. इथं त्यातलं काहीच नव्हतं. एका मोठ्या मैदानाचे चार तुकडे केलेले, प्रत्येकात छोटे छोटे गोल, तिघांविरुद्ध तिघं. गोलरक्षक नाही. गोल झाला की दोन्हीकडचं एकेक पोर बाहेर येतं आणि बसलेलं आत जातं, त्यामुळं एखादं तरबेज पोरगं सगळा वेळ चेंडू दाबून ठेवू शकत नाही. काही मिनिटांनी डाव संपतो. जिंकलेले एका अंगाच्या मैदानावर सरकतात, हरलेले दुसऱ्या अंगाच्या, आणि दोन-तीन डावांत आपोआप जोडीला जोड लागते. शेवटी तक्ता नाही, पहिला नंबर नाही, ढाल नाही. जर्मन फुटबॉल संघटनेनं २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांना देशभर ही पद्धत लागू केली आहे.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पुढचं ऐका. पंच नाही. चेंडू बाहेर गेला का, हाताला लागला का, गोल धरायचा का, हे पोरांनीच आपसात ठरवायचं. दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकाच जागी शेजारी-शेजारी उभे राहतात आणि अगदीच अडलं तर तोंड उघडतात. आणि आईबापांनी मैदानापासून १५ मीटर लांब राहायचं.

१५ मीटर म्हणजे आमच्या गावाकडच्या घरी ओट्यापासून गोठ्यापर्यंत. तेवढ्यावरून लेकराचा शर्ट ओळखू येतो, चेहरा येत नाही. पडलं तर गुडघा फुटला का नुसतं गवत लागलं, ते कळत नाही. ओठ मुडपून रडू गिळतंय का, ते कळत नाही. लेकरू घाबरलं की आधी कानाच्या पाळ्या ओढतं, हे मला आणि त्याच्या आईलाच ठाऊक. ते तेवढ्या लांबून दिसायचं कसं?

आणि मी केलं तरी काय होतं? "मार! डावीकडं बघ! सोडू नको!" एवढंच, तेही मराठीत. कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या लेकराला बोट लावलं नाही. आमच्याकडं मैदानाच्या कडेला गप उभं राहणं म्हणजे लेकराला टाकून दिल्यासारखं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तो ज्यानं पाहिलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवरच्या. मग नारळावरच्या, आणि मोठ्या पैलवानांच्या सगळ्यात शेवटी. हलगी कडाडते, माणसं सरकत सरकत इतकी पुढं येतात की पंचांना हात पसरून फड मोकळा करावा लागतो. आठ वर्षांच्या पोराला लंगोट लावून बाप स्वतः आत सोडतो आणि बाहेरून घसा बसेपर्यंत ओरडतो. पडलेल्या पोरालाही मूठभर रेवड्या मिळतात, पाठीवर थाप मिळते. हरलेल्याला सांभाळायची रीत आमच्याकडं जुनी आहे आणि जोडीला जोड बघूनच कुस्ती लावायची रीतही जुनी आहे. ते कुणी नव्यानं शिकवायला नको.

गुण मोजायचे नाहीत, हेही मला पचत नाही. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस पळाला. ८ मिनिटं ११.२० सेकंद. सोनं ०.०५ सेकंदांनी हुकलं. पण १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता, आणि त्या रांगेत शिरला तो आमच्या दुष्काळी मातीतला, शाळेला पायी पळत जाणारा पोरगा. त्या रात्री मी इथं एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून रडलो होतो. ते पाच शतांश सेकंद कुणी मोजलेच नसते तर? इथं मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "बीडचे का तुम्ही?" असं जरा वेगळ्या आवाजात विचारलं, की मी साबळेचं नाव घेतो, पाटोद्याच्या पैलवान राहुल आवारेचं घेतो, शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेचं घेतो. बातम्यांत येतं तेवढंच बीड नाही. हे मला दर वर्षी सांगावं लागतं आणि मी दर वर्षी सांगतो.

तर शनिवारी दोरीच्या मागं उभा असताना माझ्या पोरानं गोल मारला. मी स्वतः बघितला. चेंडू आतल्या अंगाला लागून रेषेच्या पुरता पलीकडं गेला. समोरचा एक सोनेरी केसांचा पोरगा म्हणाला, रेषेवरच थांबला. खेळ थांबला. सहा पोरं गोलापाशी गोळा झाली. हातवारे झाले, एकानं गवतावर बूट ठेवून जागा दाखवली, माझ्या पोरानं मान हलवली, दुसऱ्यानं काहीतरी विचारलं. प्रशिक्षक बाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. माझ्या तोंडून "अरे गोल आहे तो!" निघणार एवढ्यात माझा पोरगा वळला, चेंडू उचलून त्या सोनेरी केसांच्या पोराच्या हातात दिला आणि मागं आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

मला राग आला. त्या पोराचा आला, बाईंचा आला, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या लेकराचाही आला. आपला हक्काचा गोल असा देऊन टाकतात का? परदेशात राहून लेकरू मऊ पडायला लागलं की काय, अशी शंका आली. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "गोल होता तो. मी बघितला." तो मोजे काढत होता. म्हणाला, "बाबा, तू एवढा लांब होतास. तुला कसा दिसणार?"

बायको पुढच्या सीटवर होती. ती काहीच बोलली नाही, नुसता डबा उघडून त्याच्या हातात धपाटं दिलं.

माझे आबा आणि माय कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचे. बीडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची. दसरा-दिवाळी झाली की टोळी कोल्हापूर-सांगलीकडं जायची ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायची. मी आजीपाशी राहायचो. शाळेच्या खो-खोच्या संघात मी पाचवीपासून होतो. खांबाजवळ सूर मारून गडी टिपायचो, त्यासाठी माझं नाव घेतलं जायचं. पण आमच्या मोठ्या स्पर्धा थंडीत व्हायच्या आणि थंडीत आबा कोणत्या तरी उसाच्या फडात मोळ्या बांधत असायचे. त्यांनी मला खेळताना एकदाही पाहिलं नाही. आठवीत जिल्ह्याला गेलो तेव्हा सरांनी कारखान्यावर निरोप धाडला होता. तो आबांना पोहोचला तोवर आम्ही परत येऊन पंधरा दिवस झाले होते. पाडव्याला गाडी दारात उभी राहिली. खाली उतरल्यावर त्यांनी आधी माझे दोन्ही कोपर उलटे करून बघितले. सूर मारून मारून तिथं घट्टे पडले होते. त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लई पडलास की रं."

हे मी पोराला अजून सांगितलेलं नाही. सांगायचंय. त्याच्या सामन्याला, सरावाला, पोहण्याच्या परीक्षेला मी हजर राहतो, कामावरून लवकर निघतो, त्यासाठी एक चांगली बढती मी सोडली. लोक म्हणतात परदेशात जाऊन माणूस घरच्यांपासून तुटतो. मी माझ्या लेकरापासून तुटलो नाही, उलट गावी राहिलो असतो तर इतका वेळ मिळाला नसता. त्यामुळं मैदानावर पोहोचूनही कुणी मला मागं सरकवतं, तेव्हा मला लागतं. ते त्या बाईंना कळायचं नाही. तशा त्या चांगल्या आहेत. आठवडाभर नोकरी करतात आणि शनिवार-रविवार पदरमोड करून दुसऱ्यांच्या पोरांसाठी उन्हापावसात उभ्या राहतात. पोराला ताप आला तेव्हा संध्याकाळी दारात सफरचंदं ठेवून गेल्या होत्या.

आबांशी बोलणं रोज होतं. हल्ली निम्मं बोलणं राजकारणावर जातं आणि तिथंच आमचं बिनसतं. २०२४ च्या लोकसभेला, मराठा-ओबीसी आरक्षणाचा वाद तापलेला असताना, बीडचा निकाल साडेसहा हजार मतांवर लागला, आणि तेव्हापासून गावातली जी दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या एका विहिरीवर पाणी भरायची ती एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात. एक घर आमचं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा शासन निर्णय निघाला तेव्हा मी आबांना म्हणालो, आता तरी शेजारच्या काकांकडं चहाला जा, त्यांची बाजू ऐकून घ्या, भीती त्यांनाही आहे. आबा म्हणाले, "तुला काय जातंय तिकडं बसून बोलायला? तू हितं राहा अन् मग सांग." मी चिडून फोन ठेवला. २०२४ च्या १३ मेला आमच्याकडं मतदान होतं तेव्हा मी इथं कामावर होतो. मत द्यायचं तर गावात येऊन बोटाला शाई लावावी लागते, इथून देता येत नाही. न दिलेल्या मताच्या बळावर मी किती बोलावं, हा आबांचा प्रश्न खरा आहे. तरी मी बोलणार. माझी माणसं तिथं आहेत.

इथं तर मला मतच नाही. पण २३ फेब्रुवारी २०२५ ला इथली संसदेची निवडणूक झाली, तेव्हा संध्याकाळी पोराला घेऊन मी त्याच्या शाळेत गेलो. व्यायामशाळेत मतदान केंद्र होतं. सहाला मतदान थांबलं आणि तिथंच, त्याच टेबलांवर पेटी उपडी करून कागदी मतपत्रिका मोजायला घेतल्या. मोजणारे आसपासचेच लोक होते, बेकरीतली बाई, एक कॉलेजातला पोरगा. मोजणी कुणीही बघू शकतं असा कायदा आहे. मी दारात घुटमळत होतो, तर बेकरीतल्या बाईंनीच आत बोलावलं. मत नसलेला, पासपोर्ट वेगळा असलेला मी टेबलापासून चार हातांवर उभा होतो. तिथं दोरी नव्हती. देशाचं सरकार ठरतंय तिथं परक्याला जवळ उभं करतात आणि आठ वर्षांच्या पोरांच्या खेळात बापाला लांब ठेवतात, याची सांगड मला अजून लागलेली नाही.

सप्टेंबरअखेरच्या पावसानं गावाकडं सोयाबीन पाण्यात गेलं. आबांचंही गेलं. आता कोयत्याचं वय नाही, मी पैसे पाठवतो, ते "राहू दे" म्हणतात आणि घेतात. शेजारच्या काकांचा पोरगा मात्र यंदा जोडीनं टोळीत गेला, लेकरं आजीपाशी ठेवून. हे आबांनीच सांगितलं. म्हणाले, "त्येंची बारकी सांजच्याला आपल्याकडंच असती, तुझी माय भाकर देती." चहाचं मी परत काढलं नाही.

काल आबांनी विचारलं, "शनवारी लेकरानं किती गोल मारलं?" मी सगळं सांगितलं. पंच नाही म्हटल्यावर हसले, दोरीचं ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, येत्या शनिवारी फोनवर खेळ दाखव. इथले दहा म्हणजे तिथले दीड, जेवणं उरकून ते चार्जिंग करून बसतील. नेट तेवढं टिकलं पाहिजे. मायला चष्मा शोधून ठेवायला सांगितलंय त्यांनी.

एकच अट घातली. "जवळून दाखव. लांबून मला दिसत न्हाई."