राजाबरोबर मुंबईत आलेल्या चार क्रूझर कागदावर उतरवताना

लंडनच्या क्यू भागात नॅशनल आर्काइव्ह्ज आहे. तिथल्या वाचनकक्षात शाईचं पेन नेता येत नाही. खोडरबर नाही, शार्पनर नाही, पाण्याची बाटली तर नाहीच. हा बंदोबस्त बघून वाटतं, कागद दाखवतानाही नाकी नऊ आणतील. तसं काही होत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचकाचं कार्ड फुकट. शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धनौकेचं लॉगबुक टेबलावर आलं की आपल्याच फोनने हवे तेवढे फोटो काढायचे, तेही फुकट. आपल्याकडे एखाद्या दफ्तरखान्यात हेच मागून बघा: अर्ज, शिफारसपत्र, पानामागे पैसे, आणि वर ‘साहेब सोमवारी येतील’. आता मुंबईची दमट हवा आणि वाळवी यांच्या वाट्याला आली असती तर यांचीही दफ्तरं किती टिकली असती, देव जाणे. पण फोटो काढू देण्याचा आणि हवेचा काय संबंध?

ही लॉगबुकं ज्यांना लागतात त्यांच्यात एक जमात जहाजांची चित्रं काढणाऱ्यांची आहे. तोफ, शिडी, पोर्टहोल, दोरखंड, सगळं मापात. त्यांतही ब्रिटिश चिलखती क्रूझर, म्हणजे पोलादी कवचाच्या वेगवान युद्धनौका, काढणारे थोडेच, कारण या जमातीत या जहाजांना फारसा मान नाही. १९०८ साली ‘इन्व्हिन्सिबल’च्या आराखड्याची पहिली बॅटलक्रूझर, म्हणजे यांच्याहून मोठ्या तोफांची आणि वेगवान युद्धनौका, नौदलात आली आणि त्यांचा जमाना संपला. त्यांतली शेवटची ‘डिफेन्स’ पुरी झाली फेब्रुवारी १९०९ मध्ये, म्हणजे जन्मतःच जुनी. ‘चुकलेली जहाजं’ असा शेरा मारून इथली मंडळी मोकळी होतात. हा शेरा अर्धवट आहे. १९०५ साली समुद्री व्यापाराच्या वाटा राखायला २३ नॉट वेगाचं, ९.२ इंची तोफांचं जहाज कुणालाही जड गेलं असतं. घोळ झाला तो पुढे, त्यांना मोठ्या आरमाराच्या रांगेत उभं केलं तेव्हा.

मुंबईकरांनी तरी त्यांना नावं ठेवू नयेत. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी दिल्ली दरबारासाठी मुंबईत उतरले, ते ‘मेडिना’ या पी अँड ओ कंपनीच्या नव्याकोऱ्या बोटीतून. अपोलो बंदरावर तेव्हा गेटवे नव्हता, स्वागताला तात्पुरता मंडप होता. विटेटचा गेटवे पुरा व्हायला १९२४ उजाडलं. मेडिनाच्या सोबतीला चार चिलखती क्रूझर होत्या: डिफेन्स, नेटाल, कॉक्रन आणि आर्गाइल. गेटवे उभा राहीपर्यंत या पाचांपैकी एकही बोट उरली नव्हती. पाचही गेल्या १९१५ ते १९१८ या काळात, आणि प्रत्येकीची गत वेगळी.

पहिली गेली आर्गाइल. २८ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे डेव्हनपोर्टहून रोसाइथला जाताना स्कॉटलंडच्या किनाऱ्यासमोर ती बेल रॉकवर चढली. युद्धामुळे दीपगृहाचा दिवा बंद ठेवत. दिवा लावावा म्हणून जहाजाने आधी विनंती केली होती, पण दीपगृहावर रेडिओ नव्हता आणि निरोप पोचलाच नाही. दोन विनाशिका धावून आल्या आणि साडेसहाशेच्या वर माणसं सगळीच्या सगळी वाचली.

नेटालचं नशीब तसं नव्हतं. ३० डिसेंबर १९१५ ला स्कॉटलंडमधल्या क्रोमार्टीच्या खाडीत ती नांगरलेली होती. कॅप्टन बॅक यांनी अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांना जहाजावर बोलावलं होतं. दुपारी पिछाडीकडे एकामागून एक स्फोट झाले आणि काही मिनिटांत जहाज कलंडलं. चारशेच्या आसपास माणसं गेली, कॅप्टनही त्यांत. आधी टॉर्पेडोचा संशय आला, पण बुडी मारणाऱ्या माणसांनी खाली जाऊन पाहिलं तर स्फोट आतलाच निघाला. दोष बहुधा कॉर्डाइटचा, म्हणजे तोफांच्या दारूचा. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि व्हॅसलिनसारखी जेली यांचं हे मिश्रण जुनं झालं किंवा त्यात अशुद्धता राहिली की हळूहळू विघटन पावतं. त्यातून उष्णता निघते, उष्णतेने विघटन वाढतं, आणि बंद कोठारात एवढं पुरतं.

डिफेन्स गेली ३१ मे १९१६ ला, ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या जटलंडच्या लढाईत, संध्याकाळी सव्वासहानंतर. रिअर अ‍ॅडमिरल आर्बथनॉट एका अधू झालेल्या जर्मन क्रूझरच्या मागे लागले आणि धुक्यातून थेट जर्मन बड्या जहाजांच्या तोंडाशी गेले. पिछाडीच्या ९.२ इंची तोफांचं कोठार पेटलं. या वर्गात, म्हणजे एकाच आराखड्याच्या या जहाजांत, दारूगोळा नेण्याच्या वाटा डेकखालून दोन्ही बाजूंनी लांबवर धावत. त्या वाटेने आग पुढे सरकली आणि ७.५ इंची तोफांची कोठारं ओळीने उडाली. नऊशेच्या आसपास माणसं, एकही वाचला नाही. मेडिनाला २८ एप्रिल १९१७ ला डेव्हनच्या किनाऱ्याजवळ पाणबुडीने टॉर्पेडो मारला. कॉक्रन जटलंडमधून ओरखडाही न पडता परतली, आर्क्टिकही करून आली, आणि १४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धविरामानंतर तिसऱ्या दिवशी, इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या मुखाशी वाळूत रुतून तिचे दोन तुकडे झाले.

लॉगबुकाच्या पानावर या गोष्टींचा नाट्यमय भाग जवळपास नसतो. तासागणिक वेग, दिशा, वारा, बॅरोमीटर, तापमान, आजाऱ्यांची संख्या, किती टन कोळसा भरला. चित्रकाराला हवं असतं ते यांच्यामध्ये कुठेतरी एका ओळीत: आज लोकांना रंगकामाला लावलं. आज ऑनिंग चढवली, म्हणजे डेकवर कापडी छत ताणलं. कारण नुसत्या ‘डिफेन्स’चं चित्र काढता येत नाही. काढता येतं ते अमुक महिन्यातल्या डिफेन्सचं.

धुराड्यांचंच बघा. डिफेन्सच्या वर्गातल्या तिन्ही जहाजांची धुराडी सुरुवातीला ठेंगणी होती. धूर थेट ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या मंचावर, यायचा, म्हणून १९०९ मध्ये ती १५ फुटांनी वाढवली. १ः३५० या प्रमाणात हा फरक १३ मिलिमीटरचा होतो, आणि चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या चित्रात तो लांबून दिसतो. मुंबईत आली ती उंच धुराड्यांची डिफेन्स. तरी मूळ आराखड्यावरून काढलेली ठेंगण्या धुराड्यांची डिफेन्स १९११ च्या तारखेखाली खुशाल छापली जाते.

आराखडे ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. जहाज बांधून झाल्यावर प्रत्यक्षात जसं झालं तसं गोदीने काढलेले हे कागद, पाव इंचाला एक फूट, म्हणजे १ः४८. डिफेन्स ५१९ फूट लांब. तिचा कागदावरचा बाजूचा देखावा जवळजवळ ३.३ मीटर भरतो. हे कागद काढणाऱ्या कारकुनी हातांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पुढच्या गोदीकामात काही बदललं की नवा कागद नाही. त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या शाईने बदल दाखवायचा आणि समासात त्याच शाईने तारीख लिहायची. काढून टाकलेल्या तोफेवर बारीक फुली. हलवलेली शिडी जुन्या जागी काळी, नव्या जागी हिरवी. एका कागदावर जहाजाची दहा वर्षं एकावर एक बसलेली दिसतात. म्हणून प्रत मागवताना पैसे वाचवायला कृष्णधवल घेऊ नका. त्यात सगळ्या शाया एकच होतात, आणि जे जहाज कधी अस्तित्वातच नव्हतं असं काहीतरी हाती येतं.

स्कॅन आला की लगेच रेघा ओढायला बसू नये. जुना कागद आणि ट्रेसिंगचं कापड आक्रसतं, तेही लांबीत वेगळं आणि उंचीत वेगळं. डिफेन्सची दोन लंबांमधली लांबी (पाणरेषेवरच्या नाळेपासून सुकाणूच्या खांबापर्यंत) ४९० फूट, म्हणजे आराखड्यावर १२२.५ इंच यायला हवी. कागद एक टक्का आक्रसला तर जहाज दीड मीटरने तोकडं होतं. खालची मापपट्टी दोन्ही टोकांना आणि मध्यावर मोजा, आडवी दुरुस्ती करा, मग डेकमधली उंची धरून उभी दुरुस्ती वेगळी करा. दोन्ही दिशांना एकच टक्का लावला की टरेट, म्हणजे तोफांचे फिरते चिलखती बुरूज, चपटे दिसतात आणि चुकतंय कुठे ते कळत नाही.

त्यानंतर पाणरेषा, नाळेची पुढे आलेली बाकदार धडक, डेकच्या रेषा, मग तोफा. चौघींनाही चार धुराडी आणि दोन डोलकाठ्या, म्हणून नवशिके एकीचं दुसरीला जोडतात. ओळख तोफांवरून. डिफेन्सला पुढे-मागे ९.२ इंचीचे जोडटरेट आणि प्रत्येक बाजूला ७.५ इंचीचे पाच सुटे. नेटाल आणि कॉक्रनला सहा ९.२ इंची, सगळ्या सुट्या: एक पुढे, एक मागे, चार कोपऱ्यांवर, आणि मधे प्रत्येक बाजूला दोन ७.५ इंची. आर्गाइल यांच्यात धाकटी, १०,८५० टनांची: चार ७.५ इंची आणि कुशीतल्या चिलखती खणांत सहा ६ इंची. यांतल्या चार ६ इंची पाण्याच्या इतक्या जवळ की समुद्र जरा खवळला की निकामी. चित्रात या खणांची तोंडं वर सरकवण्याचा मोह होतो, कारण डोळ्याला ती फार खाली वाटतात. ती खालीच आहेत.

रेघांची जाडी हा शेवटचा सापळा. १ः३५० ला ०.१ मिलिमीटरची रेघ म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर. जाड दोरखंड त्यात बसतो, बिनतारी संदेशाची तार बसत नाही. तारा काळ्या काढल्या तर जहाज जाळ्यात अडकल्यासारखं दिसतं. त्या फिक्या राखाडीत काढा. इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये दोर, तारा, रेलिंग आणि टॉर्पेडो अडवायच्या जाळीच्या काठ्या वेगवेगळ्या लेयरवर ठेवल्या की शेवटी सगळ्यांची जाडी एकदम बदलता येते. एक बाजू काढून ती आरशात उलटी करू नका. नांगर, बोटी, शिड्या दोन्हीकडे सारख्या असतीलच असं नाही. चौघी एकाखाली एक हव्या असतील तर ए-२ कागद रुंदीला पुरतो, उंचीला नाही. डोलकाठ्यांमुळे ए-१ उभाच घ्यावा लागतो.

रंगाची गंमत फोटोंमुळे होते. त्या काळी फोटोसाठी वापरायच्या काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. तांबडा काळा उमटायचा, पिवळा गडद, निळा फिका. क्रूझरची जुनी काळी-पांढरी-पिवळी सजावट १९०३ च्या सुमारास जाऊन राखाडी रंग आला होता, पण एकाच वर्गातल्या बहिणी-बहिणी ओळखू याव्यात म्हणून युद्धापूर्वी धुराड्यांवर रंगीत पट्टे मारत. फोटोत काळा दिसणारा पट्टा तांबडाही असू शकतो. मेडिना पांढरी, धुराडी पिवळट. फोटोत तीच धुराडी मळकट करडी दिसतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पोलादी चौघींपैकी सगळ्यात जास्त टिकली कॉक्रन, समुद्रात उतरल्यापासून साडेतेरा वर्षं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये आजही तरंगते आहे. तुलना न्याय्य नाही हे कबूल; तिच्यावर जटलंडमध्ये कुणी गोळे टाकले नव्हते. तरी करावीशी वाटते.

अडतं ते मुंबईतल्या दिवसांपाशी. २ डिसेंबर १९११ ते १० जानेवारी १९१२ या काळातले, बंदरात उभ्या या जहाजांचे फोटो किंवा पोस्टकार्डं कुणाच्या घरच्या अल्बममध्ये असतील तर आधी मागची बाजू बघा. टपालाचा शिक्का फोटोची तारीख नव्हे, पण तो फोटो त्यानंतरचा नाही एवढं तरी ठरतं. मग भिंगातून तीन गोष्टी टिपा: कुठल्या धुराड्यावर किती पट्टे, ऑनिंग पुढच्या टरेटवर ताणलेली आहे का, आणि जहाजाची उजवी बाजू दिसते की डावी. स्कॅन किमान ६०० डीपीआयला करा, रंगीत मोडमध्ये, आणि ‘ऑटो सुधारणा’ बंद ठेवून. ती चालू राहिली की फिके पट्टे सगळ्यात आधी पुसले जातात.