तुरुंगाचा तट, घोडबंदरचा बुरूज आणि वसईचे दोन तह

ठाण्याचा किल्ला पाहायचा म्हणजे बाहेरूनच पाहायचा. आत मध्यवर्ती कारागृह आहे. फोटो काढू देत नाहीत आणि तटाला लागून फार वेळ उभं राहिलं की पहाऱ्यावरचा शिपाई हटकतो. तरीही रविवारी सकाळी मी भाच्याला घेऊन आधी तिथेच गेलो. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. व्हर्सायचा तह, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठीची अमेरिकेची मार्शल योजना, शीतयुद्ध हे सगळं त्याचं तोंडपाठ आहे. मोठी राष्ट्रं युद्धानंतर हरलेल्या देशांचं काय करतात, हा त्याच्या अभ्यासक्रमातला प्रश्न. तो आपल्या खाडीच्या काठावरही घडून गेला आहे, हे मला त्याला प्रत्यक्ष जागेवर उभं करून सांगायचं होतं.

स्टेशनवरून चालत तलावपाळी, तिथे मिसळ, मग मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. मिस्सा आटोपून माणसं आवारात उभी होती आणि अस्सल ठाणेरी मराठीत लग्नाच्या हॉलच्या बुकिंगबद्दल बोलत होती. पोर्तुगीज अमलात साष्टीतल्या, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या बेटावरच्या, गावांचा धर्म बदलला, भाषा मात्र टिकली. पुढे इंग्रजी अमलात नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळूरहून कॅथलिक मंडळी मुंबईत येऊ लागली, तेव्हा इथल्या मूळच्या लोकांनी १८८७ साली आपली वेगळी ओळख ठरवली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. एका सत्तेनं दिलेला धर्म आणि दुसऱ्या सत्तेच्या काळात घेतलेलं नाव घेऊन ही माणसं आपल्याच गावात शेकडो वर्षं राहताहेत. त्यांच्याबद्दल आपण इतर मराठी माणसं फार कमी बोलतो, याची मला खंत आहे.

तिथून कारागृहाकडे. काळ्या दगडाचा जुना तट, त्यावर नंतरचं बांधकाम, सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपं. मागच्या बाजूला खाडी आणि कळव्याचा पूल. हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला तो मराठ्यांना अडवण्यासाठी. खाडीपलीकडच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे दाद मागितली आणि १७३७ साली, बांधकाम अर्धवट असतानाच, मराठ्यांनी ठाणं घेतलं. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली तेव्हा मुंबईचे इंग्रज आखडत्या हातानं पोर्तुगीजांना मदत करत नुसते पाहत होते. पोर्तुगीज दुबळे झाले तर इंग्रजांना हवंच होतं. अडचण एवढीच की साष्टी त्यांच्याऐवजी मराठ्यांच्या हाती गेली.

साष्टीवर इंग्रजांचा डोळा फार जुना. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई दिली गेली. त्यामागे डचांची भीती होती. डचांपासून आपल्या वसाहती वाचवण्यासाठी पोर्तुगालला इंग्रजांचा आधार हवा होता. मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणंही आलं असं इंग्रज म्हणत राहिले, पोर्तुगीजांनी ते कधीच मानलं नाही.

मग आलं १७७४. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन वर्ष उलटलं होतं, पुण्यात कारभाऱ्यांचं बारभाई मंडळ आणि नारायणरावांचे काका राघोबादादा एकमेकांच्या जिवावर उठले होते. तेवढ्यात मुंबईला बातमी लागली की पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला आरमार धाडताहेत. इंग्रजांनी वाट पाहिली नाही. २८ डिसेंबरला त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्यांच्या आरमाराचा प्रमुख वॉटसन या वेढ्यात जखमी होऊन मेला आणि आतल्या शिबंदीपैकी फारच थोडे वाचले. लढाई मराठ्यांशी झाली, पण घाई पोर्तुगीजांमुळे होती. भाच्याला हे मी दोनदा सांगितलं. दोन परक्या सत्तांची शर्यत आणि मरण मात्र तिसऱ्याच्या शिपायांचं.

पुढचा भाग तर आणखी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी हा तह अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह केला. मुंबईकरांचा तह रद्द झाला, तरी साष्टी काही परत मिळाली नाही. मग फ्रेंचांचा वकील सेंट ल्युबिन पुण्यात आला, नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला आणि इंग्रजांच्या पोटात गोळा आला. १७७८ साली फ्रान्स अमेरिकेच्या बाजूनं युद्धात उतरला, त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईची फौज पुण्याकडे निघाली आणि वडगावला तिची नाचक्की झाली. शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. वसई मराठ्यांकडे आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. आणि एक कलम असं की पोर्तुगीज वगळता दुसऱ्या कुठल्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू द्यायची नाही.

“म्हणजे फ्रेंचांना,” भाचा म्हणाला.

फ्रेंचांनाच. वडगावचा विजय मिळवलेल्या राज्यानंही हे कलम मान्य केलं होतं.

ठाण्याच्या याच तटाच्या आत १८१५ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे कैदेत होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. त्यांचा पंढरपुरात खून झाला आणि आळ त्र्यंबकजींवर आला. पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, एल्फिन्स्टननं त्यांना ताब्यात मागितलं. बाजीरावांनी टाळाटाळ केली आणि अखेर आपला कारभारी इंग्रजांच्या हवाली केला. त्यांना ठेवलं कुठे, तर चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जिंकलेल्या किल्ल्यात. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते. गोष्ट अशी सांगतात की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली मराठी गाणी म्हणायचा, त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोचायचा आणि गोऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटले. पुढे ते पुन्हा पकडले गेले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच वारले. हे ऐकताना भाच्याचे डोळे चमकले. चमकायलाच हवेत. पण मला त्या सुटकेपेक्षा आधीचा प्रसंग जास्त छळतो: एक सार्वभौम म्हणवणारा पेशवा आपल्याच कारभाऱ्यावर आपल्या न्यायासनासमोर खटला चालवू शकत नव्हता.

इथेच १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे आणि १९१० मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल कान्हेरे, कर्वे, देशपांडे फासावर गेले. भिंतीला हात लावून नमस्कार केला आणि निघालो.

घोडबंदरला बोरिवलीच्या बसनं गेलो. मेट्रोच्या खांबांखालची ती वाहतूक कासारवडवलीपर्यंत जीव घेते. गायमुखनंतर उजवीकडे खाडी दिसू लागली की बरं वाटतं. फाउंटनच्या अलीकडे उतरून गावातून चालत वर जायचं. पोर्तुगीज बांधणीच्या कमानी, डागडुजी केलेल्या भिंती आणि टेकडीवरचा गोल बुरूज. वरून वसईची खाडी पसरलेली दिसते, पलीकडचा काठ वसई तालुक्याचा. वारा चांगला होता. बुरुजाच्या सावलीत बसून डबा उघडला आणि वसईच्या तहांची गोष्ट काढली.

वसईचे तह दोन. पहिला १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीनं पोर्तुगीजांकडे गेला आणि वसई, साष्टी, मुंबईची बेटं देऊन बसला. तीन वर्षांच्या आत, १५३७ मध्ये, दीवच्या समुद्रात त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मेला. दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव कोकणात पळाले आणि समुद्रमार्गे वसईला आले. शेजाऱ्याच्या भीतीनं लांबच्याला घरात घेतलं, दोन्ही वेळा.

१८०२ च्या तहातली कलमं नीट वाचावीत अशी आहेत. इंग्रजांची सहा हजारांची कवायती फौज कायमची पेशव्यांच्या मुलखात. तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, म्हणजे आपल्या राखणदाराचा पगार आपणच भरायचा. इंग्रजांशी युद्ध असलेल्या राष्ट्राचा युरोपीय माणूस नोकरीत ठेवायचा नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. दुसऱ्या दरबाराशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत. १३ मे १८०३ ला बाजीराव पुन्हा पुण्यात गादीवर बसले. वाडा तोच, शिक्के तेच. माझं स्पष्ट मत आहे की मराठी राज्य १८१८ मध्ये बुडालं हे आपण सवयीनं म्हणतो, पुण्याच्या गादीचं स्वातंत्र्य त्याआधीच वसईत गेलं होतं. कुणाशी बोलायचं हे ज्याला ठरवता येत नाही, त्याची गादी दुसऱ्याच्या सोयीनं चालते.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, १९५१ च्या अमेरिका-जपान सुरक्षा करारात असंच कलम आहे. अमेरिकेच्या संमतीशिवाय जपाननं तिसऱ्या देशाला तळ द्यायचा नाही.”

त्याचं बरोबर होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता तह आणि हा करार एकाच दिवशी, ८ सप्टेंबर १९५१ ला, झाले. स्वातंत्र्य परत मिळालं आणि फौज तिथेच राहिली, ओकिनावा तर १९७२ पर्यंत अमेरिकेकडे होतं. दुसऱ्या बाजूचं उदाहरणही त्यानंच काढलं. जुलै १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियानं मार्शल योजनेच्या पॅरिस परिषदेचं निमंत्रण स्वीकारलं होतं. स्टालिननं त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावलं आणि काही दिवसांत प्रागनं नकार कळवला. चेकोस्लोव्हाकिया तर युद्धात हरलेला देशही नव्हता.

“पण जपान वर आला,” तो म्हणाला. “जमीन सुधारणा झाल्या, बायकांना मत मिळालं. बाजीरावांच्या पुण्याला काय मिळालं?”

प्रश्न रास्त होता आणि मी बराच वेळ त्यावर बोललो. अमेरिकेला १९४७-४८ नंतर सोव्हिएत संघासमोर उभं करायला एक सधन, कारखानदार जपान हवा होता, पश्चिम जर्मनीही तशीच हवी होती. सोव्हिएतांनी पूर्व जर्मनीतले कारखाने उचकटून नेले, कारण त्यांचा स्वतःचा देश उद्ध्वस्त झाला होता आणि त्यांना भरपाई हवी होती. जर्मन माणूस दोन्हीकडे तोच. जिंकणाऱ्याची पुढची गरज वेगळी. हरलेल्याचं नशीब त्याच्या स्वतःच्या गुणांवर जितकं ठरतं, त्याहून जास्त ते जिंकणाऱ्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्यासाठी काय लागतंय यावर ठरतं, असं मला वाटतं.

पुण्याच्या बाबतीत हे सरळ दिसतं. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याला फ्रेंचांची धास्ती होती तोवर नावापुरता पेशवा उपयोगाचा होता. १८१५ मध्ये नेपोलियन वॉटर्लूला संपला. दोन वर्षांनी, जून १८१७ मध्ये, पुण्याच्या तहात पेशव्यांना मराठा मंडळाचं प्रमुखपद सोडायला लावलं, इतर दरबारांतले त्यांचे वकील परत बोलवायला लावले. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी मालकमच्या स्वाधीन झाले आणि आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेले. लोकांनी बिथरू नये म्हणून साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांचं छोटं राज्य उभं केलं. त्यांनी स्वतःच्या अधिकाराचा आग्रह धरला, तेव्हा १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. १८४८ मध्ये साताराही खालसा.

उतरताना दोघंही बोलत नव्हतो. परत ठाण्याला येऊन पनवेल गाडीनं बेलापूरला गेलो. तिथला किल्ला इंग्रजांनी १८१७ मध्ये घेऊन बराचसा पाडला, आता उंच इमारतींजवळ एक बुरूज आणि भिंतींचे थोडे तुकडे उरलेत. अंधार पडत आला होता, फार थांबलो नाही.

माझी एक मागणी आहे आणि ती मी मनापासून करतो. ठाण्याच्या कारागृहाबाहेर, रस्त्यानं जाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी, मोठा फलक हवा. त्यावर हुतात्म्यांच्या नावांबरोबर २८ डिसेंबर १७७४ ची तारीख आणि मेलेल्या शिबंदीचा उल्लेख हवा, आणि खाली वसईच्या तहाची कलमं सोप्या मराठीत. ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात, त्यातली एक तरी इथे थांबावी. महापालिकेला लिहायचा अर्ज भाच्यानं गाडीतच मोबाईलवर लिहायला घेतला. वाचकांपैकी ज्यांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी खाली तसं जरूर लिहा.