घरात भरलेल्या कापसाचा हिशोब

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव तालुक्यात अर्थशास्त्र शिकवताना पुस्तकातली उदाहरणं मला फारशी लागत नाहीत. दिवाळीनंतर अकरावीच्या वर्गात विचारावं, कुणाच्या घरात कापूस भरलाय? निम्म्याहून जास्त हात वर होतात. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, माणसं ओट्यावर झोपतात, अंगाला खाज सुटते, आणि घरोघर एकच बोलणं: ‘भाव वाढी’, म्हणजे भाव वाढेल.

ही आशा उगाच नाही. 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये होता आणि बाजार दहा हजारांच्या वर गेला. थांबलेल्यांना चांगले पैसे मिळाले. ते पाहून पुढच्या वर्षी बरेच जण थांबले. मग पेरणी तोंडावर आली, बियाण्याला-खताला पैसा लागला, तसा घरोघरचा कापूस एकदमच बाहेर पडला. मे महिन्यात भाव आठ हजारांच्या खाली होता. मागणी-पुरवठ्याचा आलेख मी फळ्यावर काढतेच, पण मुलांच्या डोक्यात तो बसतो जिनिंगसमोरची, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करणाऱ्या कारखान्यासमोरची, ट्रॅक्टरची रांग आठवली की. अर्थात आपल्या साठ्यावर सगळं ठरत नाही. परदेशातला रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव, सूतगिरण्यांची मागणी, सरकीचा दर, सगळं त्यात येतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकीच. म्हणून सरकीपासून होणाऱ्या ढेपेचा, गुरांच्या खाद्याचा, बाजार पडला की कापूसही उतरतो.

मला मुलांना जे मनापासून समजावायचं असतं ते पुढे आहे. घरात ठेवलेला कापूस फुकट राहत नाही. समजा 20 क्विंटल कापूस आहे आणि आज दारात व्यापारी 8,000 देतोय. म्हणजे 1,60,000 रुपये. घरावर तेवढंच, महिना दोन टक्क्यांचं हातउसनं आहे. चार महिने थांबलो तर व्याज 12,800. वाळून शंभर किलोमागे तीन किलो घट धरली तर कापूस उरला 19.40 क्विंटल. आता भागाकार करा: आजच्याइतकंच हातात पडायला भाव 8,900 च्या थोडा वर हवा. त्यापेक्षा कमी मिळाला, तर भाव वाढूनही आपण तोट्यात. आज विकून जो फायदा झाला असता आणि थांबल्याने हुकला, त्याला संधी खर्च म्हणतात. ज्याच्यावर कर्जच नाही, त्याचा आकडा वेगळा येईल, त्याने थांबावंही.

माझे वडील म्हणतात, “बाई, वेचणीलाच एवढे गेले, फवारण्या झाल्या, मग या भावात कसा देऊ?” त्यामागचं दुखणं खरं आहे, वर्षभर राबलेल्या माणसाचं आहे. पण तो खर्च आज विकला तरी झालेला आहे, जूनमध्ये विकला तरी झालेलाच आहे. ठरवायचंय ते पुढच्या चार महिन्यांचं. आता ते निम्मा कापूस दिवाळीच्या सुमारास देऊन उसनं फेडतात आणि उरलेल्या निम्म्यासाठी निवांत वाट पाहतात. मला हे फार पटतं.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना ही सवड नाही. घड तयार झाला की कापायचाच, बऱ्हाणपूरचा त्या दिवशीचा भाव काहीही असो. त्यांचं गणित लागवडीच्या वेळीच मांडावं लागतं.

ज्यांच्याकडे सोयाबीन, तूर किंवा हरभरा आहे त्यांनी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी जरूर करावी. माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, 180 दिवसांसाठी, वर्षाला 6 टक्के व्याजाने. म्हणजे महिन्याला दोनऐवजी अर्धा टक्का. वरच्या हिशोबातल्याइतक्याच, 1,60,000 रुपयांच्या मालावर 75 टक्के म्हणजे 1,20,000 कर्ज धरा: त्याचं चार महिन्यांचं व्याज 9,600 ऐवजी 2,400 होतं.