तुम्ही विचारलंत म्हणून: तो शेवटचा दोन फुटांचा पट

साताऱ्यात राहून गोल्फ खेळतो म्हटलं की पहिला प्रश्न "कुठे?" असाच येतो. त्याचं उत्तर सोपं आहे. फौजेत असताना लागलेली खोड आहे, सुटत नाही. पहाटे साडेचारला पोवई नाक्यावरून गाडी काढायची आणि सात वाजायच्या आत पुण्यात येरवड्याला पोचायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात होत नाही. मोबाईलवर मॅच बघणारे तो विचारतात, हौसेनं माझ्याबरोबर येणारे नवे खेळाडू विचारतात. चेंडू होलपासून दोन फुटांवर असतो, तो आत घालायचा हलका फटका, म्हणजे पट, मारायचा बाकी असतो, समोरचा "ओके" म्हणतो आणि तुम्ही चेंडू उचलून खिशात टाकता. मग होल पुरा झाला कसा? आणि हे "ओके" कधी म्हणायचं, कधी नाही?

तालमीत वाढलेला एक मित्र तर सरळच बोलला, "पाठ टेकल्याशिवाय आमच्यात कुस्ती झाली म्हणत नाहीत, आणि तुमच्यात टेकल्यासारखं वाटलं तरी चालतं व्हय?"

चालतं, पण सगळीकडे नाही. घोटाळा तिथेच होतो.

गोल्फ दोन तऱ्हांनी खेळतात. एकात तुमची गाठ समोरच्या एका माणसाशी किंवा जोडीशी. प्रत्येक होल (सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा) ही वेगळी लढत, जास्त होल जिंकेल तो जिंकला. हा मॅच प्ले. इथे तुमच्या फटक्याशी देणंघेणं फक्त समोरच्याचं, म्हणून तुमचा पुढचा फटका तो तुम्हाला सोडू शकतो. फटका मोजला जातो, मारावा लागत नाही. मनात आलं तर अख्खा होल सोडता येतो, मॅचसुद्धा सोडता येते. असा सोडलेला जवळचा पट म्हणजे गिम्मी.

दुसरा स्ट्रोक प्ले. अठरा होलचे एकूण फटके मोजायचे आणि मैदानावरच्या प्रत्येकाशी स्पर्धा. इथे मी तुम्हाला पट सोडला, तर तो मागच्या चौकडीत खेळणाऱ्या माणसाच्या खिशातून सोडला. म्हणून इथे गिम्मी नाही, दोन इंचांवरचा चेंडूही घालायचा. न घालता उचललात आणि चूक न सुधारता पुढच्या टीवरून (पुढचा होल सुरू करायच्या जागेवरून) फटका मारलात, तर स्पर्धेतून बाद. पुण्याच्या एखाद्या मेडल राउंडला, म्हणजे स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेला, गेलेला नवखा रविवारच्या सवयीनं चेंडू उचलतो आणि बरोबरचे तिघं एकदम ओरडतात, ते यासाठीच.

दोन इंचांवरून कोण चुकतंय, असं वाटत असेल तर १९८३ ची ब्रिटिश ओपन ही स्ट्रोक प्लेची स्पर्धा आठवा. रॉयल बर्कडेल मैदान, तिसरा दिवस, चौदावा होल. हेल आयर्विनचा चेंडू होलपासून काही इंचांवर थांबला. (सांगलीच्या पुलामुळे हे नाव आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हा आयर्विन अमेरिकेचा खेळाडू.) त्यानं चालता चालता उलट्या हातानं पटर (पट मारायची काठी) फिरवला, तो जमिनीला लागून उसळला आणि चेंडूवरून निघून गेला. चेंडू जागचा हलला नाही, फटका मात्र मोजला गेला. शेवटी टॉम वॉटसन जिंकला आणि आयर्विन एका फटक्यानं मागे राहिला.

आता मॅच प्लेमध्ये पट सोडायची रीत. समोरच्यानं पुढचा फटका मारायच्या आधी सोडायचा. एकदा सोडला की सोडला, परत घेता येत नाही. घेणाऱ्यालाही "नको, मी मारतो" म्हणून तो नाकारता येत नाही. हौस म्हणून मारला आणि चुकला, तरी होल सोडलेल्या फटक्यावरच संपलेला असतो. जोडीनं फोरबॉल (दोन जोड्या, प्रत्येकाचा चेंडू वेगळा, जोडीतल्या कमी फटक्यांचा स्कोअर धरायचा) खेळत असाल तर मात्र ही हौस महागात पडते. सोडलेला पट मारून तुम्ही जोडीदाराला त्या रेषेचा अंदाज दिलात, तर त्या होलवर जोडीदाराचा स्कोअर धरत नाहीत. आणि पट सोडायचा अधिकार खेळाडूचा, फोरबॉलमध्ये त्याच्या जोडीदाराचाही, कॅडीचा (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचा) नाही. आपल्याकडचे कॅडी भले असतात, "ओके साहेब, उठाओ" म्हणून मोकळे होतात. ते ऐकून चेंडू उचलू नका.

रीत म्हणजे काय, तर तोंडानं, ऐकू जाईल असं किंवा स्पष्ट खुणेनं सांगायचं. नुसतं पाठ फिरवून चालू लागणं, पटर खांद्यावर टाकणं यातलं काहीच पट सोडणं नव्हे. यावरून मोठमोठ्यांची पंचाईत झाली आहे. २०१५ मध्ये जर्मनीत सोल्हाइम कप होता, अमेरिका आणि युरोपच्या महिलांचा. सतराव्या होलवर अमेरिकेच्या ॲलिसन लीचा पट चुकून चेंडू दीडेक फूट पुढे गेला. समोरच्या युरोपच्या दोघी, सुझान पेटरसन आणि चार्ली हल. हल ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून) चालू लागली होती. लीला वाटलं दिला, तिनं चेंडू उचलला. पेटरसन म्हणाली, दिलेला नाही. होल गेला आणि पुढे ती मॅचही गेली. हल आणि ली, दोघीही रडल्या. त्याच दुपारी १०-६ असं मागे असलेल्या अमेरिकेनं कप जिंकला, आणि नंतर पेटरसननं जाहीर माफी मागितली. पुढे २०१९ च्या नियमांत असं आलं, की समोरच्याच्या बोलण्याचा किंवा कृतीचा गैरसमज होऊन कुणी चेंडू उचलला आणि तो गैरसमज पटण्यासारखा असेल, तर दंड नाही. चेंडू जागेवर ठेवून खेळायचं. पण समोरच्यानं काही बोललं किंवा खुणावलंच नसेल तर तुमची बाजू लंगडीच.

पेटरसननं नियम मोडला नव्हता. माझं मत विचाराल, तर तिचं चुकलं ते पट न सोडण्यात नाही. होलजवळ उभं राहून "हा घाल" एवढं म्हणायला काय लागतं? तेवढं झालं नाही.

त्याच २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑस्टिनला सर्जिओ गार्सिया आणि मॅट कुचर एकमेकांविरुद्ध मॅच प्ले खेळत होते. सातव्या होलवर गार्सियाचा पट चुकला. रागारागात त्यानं उरलेल्या काही इंचांवरून उलट्या हातानं चेंडू ढकलला, तोही होलच्या काठाला लागून बाहेर. कुचरनं तो सोडला नव्हता, सोडायला वेळही मिळाला नव्हता. आणि फटका मारून झाल्यावर तो सोडता येत नाही. होल कुचरला गेला, मॅचही त्यानंच जिंकली. लोकांनी कुचरला नावं ठेवली, मला ते पटलं नाही. समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत थांबायचं एवढंच गार्सियाच्या हातात होतं.

थांबायचं, पण मागायचं नाही. पट मागणं यासारखा ओशाळवाणा प्रकार ग्रीनवर दुसरा नाही. आणि मागायच्या तऱ्हा तरी किती! कुणी चेंडूजवळ जाऊन उगाच घुटमळतो, कुणी समोरच्याकडे बघून भुवया उडवतो, कुणी "चांगला आहे ना?" म्हणून अर्धा वाकतोच. समोरचा माणूस भिडस्त असेल तर तो देऊन टाकतो. फौजेत याची पुढची पायरी बघितली आहे. हुद्दा वाढला की साहेबांच्या गिम्मीचं अंतर आपोआप वाढत जातं. पाच फुटांवरूनही चार माणसं एका सुरात "गिव्हन, सर!" म्हणतात. ते साहेब निवृत्त होऊन पहिल्यांदा बाहेरच्या मैदानावर खेळतात तेव्हा दोन फुटांवर त्यांचे हात कापतात, कारण तो पट त्यांनी कित्येक वर्षं मारलेलाच नसतो.

आता सगळ्यात जास्त विचारलं जाणारं: किती अंतराचा सोडायचा? जुनी पद्धत अशी, की पटरचं डोकं होलमध्ये धरून दांडी जमिनीवर आडवी टाकायची. चेंडू ग्रिपच्या अलीकडे, म्हणजे साधारण दोन फुटांच्या आत असला तर दिला. नियमांत असलं काही माप नाही. शिवाय हल्ली लांब पटर आलेत, त्यांनी मोजायला बसलात तर निम्मं ग्रीन आत येईल.

मी अंतरापेक्षा उतार बघतो. होल सव्वाचार इंच रुंद, चेंडू पावणेदोन इंचांहून जरासा कमी. सरळ चढावर दोन फुटांवरून चेंडू जरा जोरात गेला तरी होलची मागची कड त्याला पकडते. तोच चेंडू होलच्या वरच्या अंगाला असेल तर नुसता स्पर्श करायचा, आणि रेषा काठाच्या बाहेरून धरायची. जोर कमी पडला तर चेंडू खाली वळतो, जास्त झाला तर वरच्या काठाला चाटून अर्धा फेरा मारतो आणि चार फूट खाली जाऊन थांबतो. सकाळी दव असताना हेच ग्रीन संथ असतं, तेव्हा सोडलेला पट दहा वाजता सोडण्यासारखा राहत नाही. चढावरचा सरळ दोन फुटांचा मी कुणालाही देतो. उतारावरचा वळणारा दीड फुटांचाही देत नाही, आणि ते आधीच सांगतो.

काही जण पहिले सहा-सात होल तीन-तीन फुटांचे पट उदार हातानं सोडतात आणि सामना रंगात आला की एकदम गप्प होतात. समोरच्याचा हात तोवर थंडावलेला असतो, दीड फुटावर तो डगमगतो. नियमात बसतं हे. डावपेच म्हणून लोक त्याचं कौतुकही करतात. मला आवडत नाही, आणि परत येताना खंबाटकीचा घाट चढून होईपर्यंत गाडीत यावर वाद झडतो, कारण असं करणारा एक जण आमच्यातच आहे. त्याचं म्हणणं, "दिलं तेव्हा घेतलंस, तेव्हा कुठं बोललास?" त्याला उत्तर देणं अवघडच आहे.

हँडिकॅपचंही (खेळाडूच्या कुवतीचा आकडा) विचारतात. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ग्रीनवर पाच फुटांच्या आत चेंडू असताना होल सोडला गेला, तर नोंदीसाठी मारलेल्या फटक्यांत आणखी एकच फटका धरायचा. म्हणजे मॅचमधल्या गिम्मीनं तुमचं हँडिकॅप बिघडत नाही.

राहिला अमेरिकेचा नामवंत खेळाडू जॅक निकलॉस. पट मागणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्याचं नाव घेतो. १९६९, पुन्हा रॉयल बर्कडेलच, रायडर कप, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटनच्या संघांची मॅच प्ले लढत. शेवटची लढत, शेवटचा होल, अमेरिका आणि ब्रिटन बरोबरीत. निकलॉसनं आपला पट घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा जेमतेम दोन-तीन फुटांचा उरला. तो चुकला तर अमेरिका जिंकणार. निकलॉसनं जॅकलिनचा मार्कर (चेंडूच्या जागी ठेवलेली खूण) उचलला आणि तो पट सोडला. १६-१६, रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. अमेरिकेचा कप्तान सॅम स्नीड नाराज झाला. आधीचा विजेता म्हणून कप अमेरिकेकडेच राहणार होता, त्यामुळे निकलॉसनं कप सोडला नाही, निव्वळ विजय सोडला. तरी पहिलाच रायडर कप खेळणाऱ्या माणसानं ते करणं सोपं नव्हतं.

पण तो पट "चुकणं शक्य नाही" या जातीचा नव्हता, आणि जॅकलिननं तो मागितलाही नव्हता. नाश्त्याच्या बिलावरच्या मॅचमध्ये स्वतःच्या अडीच फुटांसाठी निकलॉसचं नाव घेणाऱ्याला मी एवढंच म्हणतो, "घाल की."

तालमीतल्या मित्राला हा किस्सा सांगितला तेव्हा त्यानं विचारलं, "तू असतास तर दिला असतास का?" नसता दिला. जॅकलिन त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला गडी होता, त्यानं तो घातला असता असंच मला वाटतं. आणि आम्हा बघणाऱ्यांना तो पट बघायला मिळाला असता.