जुन्या धरणाच्या रेषेवर

शेफील्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. तिथून दहा-बारा किलोमीटरवर ब्रॅडफील्ड आहे. दगडी गडग्यांची कुरणं, मेंढ्या, टेकडीवर सेंट निकोलसचं जुनं चर्च. कारखान्यांमुळे शहर फुगलं, पाणी कमी पडू लागलं, तेव्हा याच गावाच्या खोऱ्यात धरणं आली. त्यांतल्या डेल डाइकच्या पाहणीला मी पहिल्यांदा गेलो, तो दिवस विसरलेलो नाही.

सकाळी भरावाचा माथा चालून झाला, पाझराचं पाणी मोजलं. सगळं ठीक होतं. मग धरणावरच्या वयस्कर सहकाऱ्याने मला खाली झाडीत नेलं आणि बूट एका बुटक्या दगडाला टेकवला. त्यावर 'सीएलओबी' अशी चार अक्षरं. म्हणजे 'सेंटर लाइन, ओल्ड बँक', जुन्या भरावाची मध्यरेषा.

मी उभा होतो तिथे पहिलं धरण होतं. मातीचंच, आत चिकणमातीचा गाभा. पहिल्यांदाच भरत होतं. ११ मार्च १८६४ च्या संध्याकाळी, सोसाट्याच्या वाऱ्यात, घरी निघालेल्या एका मजुराला भरावावर भेग दिसली. चाकूचं पातं जेमतेम शिरेल एवढी. शहरातून इंजिनिअर गन्सन यांना बोलावून आणलं. पाणी उतरावं म्हणून सांडव्याची भिंत सुरुंगाने उडवायचा प्रयत्न झाला, तो फसला. मध्यरात्रीच्या सुमारास भराव गेला. ब्रॅडफील्डपासून शेफील्डपर्यंत किमान २४० माणसं गेली. आजचं धरण १८७५ चं, थोडं वरच्या अंगाला बांधलेलं.

मी पुण्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आजी नारायण पेठेत होती. तेही मातीचं, तेही पहिल्याच भरणीत गेलेलं. तिथे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. हे सगळं अभ्यासाला होतं, पण त्या दगडापाशी पोटात खड्डा पडला. तिथूनच आजीला फोन लावला.

सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "लोकांना आधी कुणी सांगितलं होतं का रे?"

"धरणाजवळच्या काहींना कळलं होतं गं. खाली मॅलिन ब्रिजच्या वस्तीत कुणालाच नाही. तिथेच शंभराहून जास्त गेले."

"आम्हालाही नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

सहकारी गाडीकडे निघाला होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि भरावावर परत चढलो. सकाळी चाललो होतो तोच माथा पुन्हा चाललो, मान खाली घालून, पाऊल-पाऊल बघत.